आठ चौकोन आणि एक कपाळ

ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी भाग.

आजचा विषय माझ्या टेबलावर पडलेल्या एका कागदामुळे सुचलाय. मी ट्रान्स बाई आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तीन वर्षं हार्मोन्स चालू आहेत. मागच्या महिन्यात एका सर्जनना भेटले आणि एक यादी घेऊन घरी आले. केसांची रेषा, कपाळ, नाक, गाल, वरचा ओठ, हनुवटी, जबडा, कंठमणी. आठ ओळी, प्रत्येकीसमोर एक चौकोन, खाली एकूण रक्कम. ती माझ्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त होती. "सगळं एकदम केलंत तर रिझल्ट छान येतो," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "यातलं काय नाही केलं तरी चालेल?" ते नुसते हसले.

मग मी तेच केलं, जे बग सापडत नसला की करते. हा कोड कोणी लिहिला, कधी लिहिला आणि लिहिताना समोर कुठला डेटा होता, ते शोधायला बसले.

पहिला थांबा अगदी घराजवळ निघाला. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक चित्र छापून आलं. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं. टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचं नाक कापलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. त्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. तो लेख वाचून पुढे जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनला हीच शस्त्रक्रिया केली. आपल्या भाषेत 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली. कावसजीला नाक परत मिळालं, ते काही फॅशन म्हणून नव्हतं. चार माणसांत चेहरा वर करून वावरता यावं, हे कारण तेव्हाही होतं.

पण ट्रान्स लोकांच्या उपचारात चेहऱ्याचा नंबर फार उशिरा लागला. १९५२ च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टीन जॉर्गेन्सन ही माजी अमेरिकन सैनिक डेन्मार्कमधल्या उपचारांमुळे जगभरच्या पेपरांत झळकली. त्या काळात 'लिंगबदल' म्हणजे हार्मोन्स आणि कपड्यांच्या आतली शस्त्रक्रिया, एवढंच डॉक्टर धरत. आता तुम्हीच सांगा, रिक्षावाला, बँकेतला क्लार्क, सोसायटीचा वॉचमन काय बघतो? चेहरा! आणि हार्मोन्सने त्वचा मऊ होते, चरबीची जागा बदलते, पण वयात येताना वाढलेलं हाड मागे जात नाही.

हाडापर्यंत पोचायची वाट वेगळ्याच लोकांसाठी तयार झाली. पॉल टेसिए या फ्रेंच सर्जनने १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत आपलं काम मांडलं. जन्मतः चेहऱ्यात मोठे दोष असलेल्यांच्या कवटीची आणि डोळ्यांभोवतीची हाडं सुटी करून ती नव्याने बसवता येतात, हे त्याने दाखवून दिलं. यातून क्रेनिओफेशियल सर्जरी ही शाखा उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोचे डग्लस ऑस्टरहाउट हे याच शाखेतले. १९८२ च्या सुमारास एका सहकारी सर्जनने त्यांच्याकडे एक पेशंट पाठवली. तिची खालची शस्त्रक्रिया झाली होती, तरी लोक तिला पुरुषच समजत होते. चेहऱ्याचं काही करता येईल का?

ऑस्टरहाउट यांच्यापुढे खरा प्रश्न हा होता की बाईचा चेहरा म्हणजे नेमकं काय? सुंदर चेहरा नाही, बाईचा चेहरा. त्यांनी तीन ठिकाणी शोधलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत बाई आणि पुरुषाच्या कवट्यांची वर्णनं होती. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे १९७० च्या दशकातली सरासरी मापं होती. शेवटी जे समजलं, ते त्यांनी एका संग्रहातल्या खऱ्या कवट्यांवर ताडून पाहिलं. यातून त्यांना एक उत्तर मिळालं, आणि माझ्या कागदावरचे हाडांचे चौकोन तिथूनच आलेत.

१९८७ मध्ये त्यांचा यावरचा शोधनिबंध आला तो कपाळावर. भुवयांच्या वर पुरुषांमध्ये हाडाचा उंचवटा असतो आणि त्याच्या मागे बहुतेकांना सायनसची पोकळी असते. त्यांनी कपाळांचे प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात हाड जाड असतं, नुसतं घासलं तरी भागतं. दुसऱ्यात थोडं घासून वरचा खोलगट भाग भरतात. तिसऱ्यात पोकळीपुढचं हाड पातळ असतं, घासलं तर भोक पडेल. म्हणून तो तुकडा कापून काढतात, आकार देतात आणि मागे सरकवून बसवतात. माझा सीटी स्कॅन सांगतो, मी तिसऱ्यातली.

हे वाचून मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क होता. माझा जबडा, हनुवटी, गळा, सगळं झाकलेलं. तरी मॉलच्या दारात कपाळासमोर थर्मामीटर धरणारा माणूस म्हणायचा, "सर, पुढे या." आणि आता स्कूटरवर पुण्याच्या पोरींसारखा स्कार्फ पार भुवयांपर्यंत ओढून, हनुवटी उघडी ठेवून सिग्नलला थांबले की शेजारचे काका म्हणतात, "मॅडम, स्टँड वर घ्या." मग मी मुद्दाम करून बघितलं. दोन आठवडे कधी कपाळ झाकलं, कधी जबडा, आणि मोबाईलमध्ये नोंद ठेवली. बोलायचं नाही, एवढा एकच नियम. कपाळ झाकलं की बहुतेकदा मॅडम, जबडा झाकला की बहुतेकदा सर. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण चेहरा माझा आहे आणि गल्लीही माझीच.

कपाळासमोर टिक केली.

जबड्यापाशी अडले. एरिक प्लेमन्स या मानववंशशास्त्रज्ञाने या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिलाय, २०१७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचा मुद्दा मला पटला. जुन्या पुस्तकांतली 'स्त्रीची' वर्णनं ही त्या काळच्या वंशाच्या आणि बाईपणाच्या कल्पनांतून आली होती. नंतरच्या मापांमधली सरासरी हा निव्वळ आकडा होता. दोन्ही एकत्र आले आणि 'बाईची कवटी' नावाचा एकच नमुना तयार झाला. आधी जे वर्णन होतं, त्याचं प्रिस्क्रिप्शन झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी टाकलेली डिफॉल्ट व्हॅल्यू पुढच्या सगळ्यांनी न बघता वापरली.

त्यानंतर एका रविवारी मी मंडईत गेले आणि भाजी घेता घेता बायकांचे जबडे बघत बसले. चौकोनी, रुंद, निमुळते, पुढे आलेले. गवार निवडून देणाऱ्या मावशींचा जबडा माझ्यापेक्षा रुंद होता, आणि त्यांना कोणी 'काका' म्हणत नव्हतं. जबड्याचं हाड कमी करताना खालच्या ओठाच्या संवेदनेची नस जवळून जाते, बधिरपणा राहू शकतो. तो धोका मी कोणत्या सरासरीसाठी घ्यायचा? तो चौकोन रिकामा ठेवला. गाल, ओठ, हनुवटीही.

कंठमणीचा निर्णय सर्वांत अवघड. तो घासण्याची पद्धत १९७५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आली होती. शस्त्रक्रिया छोटी, पण स्वरयंत्राच्या पडद्या अगदी मागेच जोडलेल्या. जास्त घासलं तर आवाज बिघडू शकतो, जाड होऊ शकतो. आणि हा आवाज मी तीन वर्षं रोज सराव करून मिळवलाय, तुम्ही तो ओळखता. तिथे मी प्रश्नचिन्ह काढलंय.

आता पैशांचं. माझ्या विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' असं लिहून अर्ज परत पाठवला. २०१९ च्या केंद्रीय कायद्यात विम्याच्या कलमात लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन्स आणि लेझर यांची नावं आहेत. चेहऱ्याच्या हाडांचं नाव नाही. ट्रान्स आरोग्यावरच्या जागतिक तज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या आपल्या आठव्या आवृत्तीत मात्र चेहऱ्याची शस्त्रक्रिया गरजेच्या उपचारांत धरली आहे. ते पान जोडून मी परत अर्ज केलाय.

आणि हे ऐकणाऱ्या ट्रान्स मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' निकालात सांगितलंय की स्वतःची ओळख सांगायला शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. एकही चौकोन न भरणारी बाईसुद्धा बाईच. ज्यांना करायचंय, त्यांनी डॉक्टरांना माझा तो प्रश्न नक्की विचारा, यातलं काय नाही केलं तरी चालेल. उत्तर मिळालं नाही तर दुसरे डॉक्टर शोधा. मी शोधले. नव्या डॉक्टरांनी स्कॅन उजेडासमोर धरून अर्धा तास समजावलं, आणि त्यांच्या कागदावर एकच ओळ आहे.

आई सोबत येणार आहे. परवा ती यादी बघून म्हणाली, "अगं, एवढंच ना? मग कुंकू कुठे लावायचं ते त्यांना आधी विचारून घे." मी विचारलं. टाके वर केसांत येतात, कपाळ मोकळंच राहतं.

पुढचा भाग सहा आठवड्यांनी. सूज उतरली की भेटू. आवाज तोच असेल.