झेप हेर्बर्गर आणि त्यांची माणसे

४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात पाऊस पडत होता आणि एका सत्तावन्न वर्षांच्या ठेंगण्या गृहस्थाला त्या पावसाचा मनापासून आनंद झाला होता. त्यांचा कर्णधार फ्रिट्झ वाल्टर याला युद्धकाळात हिवतापाने ग्रासले होते. उन्हात त्याचे पाय जड होत. भिजलेल्या मैदानावर मात्र तो खुलून येई. हे गृहस्थ म्हणजे पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक योझेफ, अर्थात 'झेप' हेर्बर्गर. विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि समोर हंगेरीचा संघ होता. गेली चार वर्षे तो कोणाकडूनही हरला नव्हता.

दोनच आठवड्यांपूर्वी, बाझेल येथे, याच हंगेरीने जर्मनांचा ८-३ असा धुव्वा उडवला होता. त्या दिवशी हेर्बर्गर यांनी आपले अनेक प्रमुख खेळाडू मुद्दाम विश्रांतीसाठी बाहेर ठेवले होते. हंगेरीकडून हार पत्करली तरी तुर्कस्तानला पुन्हा हरवून पुढे जाता येते, हा हिशेब त्यांनी आधीच केला होता. मायदेशातून संतापाची पत्रे आली. ती त्यांनी निमूटपणे वाचली. तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आणि ऑस्ट्रिया यांना नमवून संघ बर्नला पोहोचला. तेथे पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीचे दोन गोल झाले. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनांनी बरोबरी साधली आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला हेल्मूट रानने तिसरा गोल केला. पराभूत, विभागलेल्या, लज्जित राष्ट्राला त्या दुपारी प्रथमच मान वर करून रस्त्यावर येता आले. (रेडिओवरील निवेदकाने भावनेच्या भरात गोलरक्षक टोनी टुरेकला चक्क 'फुटबॉलचा देव' म्हटले. त्यावरून एवढे काहूर माजले की बिचाऱ्याला नंतर माफी मागावी लागली.)

ही कथा अनेकांच्या परिचयाची आहे. मला या लेखात रस आहे तो त्या ठेंगण्या गृहस्थांत आणि बर्नपूर्वीच्या वीस वर्षांत.

हेर्बर्गर यांचा जन्म २८ मार्च १८९७ रोजी मानहाइम शहराच्या वाल्डहोफ या कामगारवस्तीत झाला. वडील आरशांच्या कारखान्यात मजूर होते. मुलगा लहान असतानाच ते वारले, आणि पोराला शाळा सोडून कामाला लागावे लागले. दारिद्र्यातून वर येण्याची एकच शिडी त्याला दिसली, ती फुटबॉलची. १९२१ मध्ये फिनलंडविरुद्ध पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याने दोन गोल केले. पण त्याच सुमारास पैसे घेऊन दुसऱ्या क्लबात गेल्याचा ठपका आला. हौशी खेळाच्या त्या काळात हा मोठाच गुन्हा होता. आधी आजन्म बंदी झाली, मग ती एका वर्षावर आली. देशासाठी ते एकूण तीनच सामने खेळले. पैशाची चणचण आणि हातची संधी निसटण्याचे भय त्यांनी फार लवकर अनुभवले होते. पुढचे समजून घेताना हे ध्यानात ठेवावे, इतकेच. त्याने काहीही माफ होत नाही.

१९२६ साली ते बर्लिनच्या टेनिस बोरुसिया क्लबाकडे गेले. माध्यमिक शालान्त परीक्षा उत्तीर्ण नसतानाही त्यांना तेथील शारीरिक शिक्षणाच्या उच्च विद्यालयात खास प्रवेश मिळाला. राष्ट्रीय प्रशिक्षक ओट्टो नेर्त्स हे त्यांचे गुरू. टेनिस बोरुसियाच्या सभासदांत ज्यू मंडळी पुष्कळ होती. हेर्बर्गर त्यांच्याबरोबर खेळले, बसले, जेवले. १९३३ च्या एप्रिलमध्ये हिटलरची राजवट येऊन जेमतेम दोन महिने झाले असताना या सभासदांना क्लब सोडावा लागला. दक्षिणेतील नामांकित क्लबांनी तर ज्यूंना वगळण्याची तयारी आपण होऊन जाहीर केली. कार्ल्सरूह शहरातला युलिउस हिर्श हा देशासाठी सात सामने खेळलेला ज्यू खेळाडू. त्याने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि ज्या क्लबाचा तो १९०२ पासून सभासद होता, त्याला स्वतःच राजीनाम्याचे पत्र लिहिले. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून झेप हेर्बर्गर नाझी पक्षाचे सभासद झाले.

ते ज्यूद्वेष्टे नव्हते, असे त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, आणि मलाही ते पटते. त्यांचे गुरू नेर्त्स यांनी १९४३ मध्ये ज्यूंविरुद्ध विषारी लेख लिहिले. शिष्याने तसे काही लिहिले नाही. त्यांना फक्त आपले काम हवे होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत जर्मनी नॉर्वेकडून ०-२ अशी हरली, नेर्त्स मागे पडले आणि ते काम हेर्बर्गर यांना मिळाले.

मग युद्ध आले, आणि येथे या माणसाचे दुसरे रूप दिसते. नोव्हेंबर १९४२ पर्यंत राष्ट्रीय संघाचे सामने चालू होते. हेर्बर्गर अर्ज, ओळखी, सबबी यांच्या आधारे आपल्या खेळाडूंना आघाडीवरून मागे आणण्यासाठी धडपडत राहिले. प्रत्येक सराव शिबिर म्हणजे काही दिवसांचे जीवदान. फ्रिट्झ वाल्टर तर त्यांना पुत्रासारखा होता; हेर्बर्गर दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. वाल्टर अखेर एका वैमानिक अधिकाऱ्याच्या फुटबॉल संघात पोहोचला आणि युद्धातून जिवंत परतला. सर्वच परतले नाहीत. परंतु ज्यांना ते 'आपले' मानीत, त्यांच्यासाठी या माणसाने उंबरठे झिजवले, यात शंका नाही.

आणि जे 'आपले' राहिले नव्हते? १ मार्च १९४३ रोजी युलिउस हिर्शला कार्ल्सरूहहून आउशविट्झकडे पाठवण्यात आले. तो परतला नाही. हेर्बर्गर यांनी त्याला वाचवणे शक्य होते, असे मी म्हणत नाही. पण आपल्या संघाच्या कुंपणापलीकडे त्यांची काळजी जात नसे, एवढे मात्र दिसते. प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीत आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही हिशेब मांडतो. हेर्बर्गर यांच्या चरित्रातली जड बाजू या दुसऱ्या रकान्यात आहे. युद्धानंतरच्या चौकशीत त्यांना 'सहप्रवासी' ठरवण्यात आले. म्हणजे पुढारी नव्हे, प्रवाहाबरोबर वाहत गेलेला. शब्द सौम्य आहे, पण मला तो पुरेसा अचूक वाटतो.

शिक्षा भोगून ते पुन्हा कामाला लागले. १९५० च्या ब्राझीलमधील स्पर्धेत जर्मनीला प्रवेश नव्हता. (पात्र ठरलेला आपला भारतही तेथे गेला नाही, ती कथा वेगळी.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये श्टुटगार्टला स्वित्झर्लंडविरुद्ध नव्या संघाचा पहिला सामना झाला, आणि चार वर्षांनी बर्न. विजयानंतर प्रेक्षकांतील अनेक जर्मनांनी राष्ट्रगीताचे बदनाम झालेले पहिले कडवे म्हटले. म्युनिकच्या सत्कारसमारंभात फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांचे भाषण तर असे घसरले की रेडिओने प्रक्षेपण मध्येच थांबवले. हेर्बर्गर अशा गर्जनांत सामील झाले नाहीत. 'चेंडू गोल असतो', 'सामना नव्वद मिनिटांचा असतो' अशी त्यांची साधी वाक्ये जर्मन लोकांच्या बोलण्यात म्हणींसारखी रुळली. १९५८ मध्ये चौथे स्थान मिळाले, १९६२ मध्ये उपान्त्यपूर्व फेरीत हार झाली, आणि १९६४ मध्ये हेल्मूट श्योन यांच्या हाती संघ सोपवून ते निवृत्त झाले. त्यांच्या नावाची संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली. ती आजही तुरुंगांतील कैद्यांसाठी काम करते. फ्रिट्झ वाल्टरही पुढे तिच्यातर्फे तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असे. त्याच वर्षी २८ एप्रिलला हेर्बर्गर यांचे निधन झाले. आदल्या संध्याकाळीच जर्मनीने उत्तर आयर्लंडला ५-० असे हरवले होते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याआधीची आहे. हेर्बर्गर यांच्या बालपणाचा आदर्श होता गॉटफ्रीड फुक्स, हिर्शचा क्लबमित्र. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्धच्या १६-० या विजयात त्याने एकट्याने दहा गोल केले होते. तोही ज्यू होता. १९३७ मध्ये देश सोडून तो अखेर कॅनडात स्थायिक झाला. नाझी काळात त्याचे आणि हिर्शचे नाव राष्ट्रीय खेळाडूंच्या याद्यांतून गाळले गेले. पन्नाशीच्या दशकात हेर्बर्गर यांनी फुक्सशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि तो अनेक वर्षे चालला.

१९७२ मध्ये म्युनिकचे नवे ऑलिंपिक स्टेडियम सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्याने खुले व्हायचे होते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील हेर्बर्गर यांनी जर्मन फुटबॉल संघटनेला विनंती केली की रशियाविरुद्ध दहा गोल करणाऱ्या फुक्सला त्या सामन्यास सन्माननीय पाहुणा म्हणून बोलवावे. बर्नच्या नायकाची ही विनंती संघटनेने नाकारली. असा पायंडा पाडण्याची तिची इच्छा नव्हती.

२६ मे १९७२ रोजी सामना झाला. गेर्ड म्युलरने चार गोल केले आणि जर्मनी ४-१ अशी जिंकली. गॉटफ्रीड फुक्सचे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत माँट्रियल येथे निधन झाले होते.