शनिवारची वंशावळ

पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवशी शनिवार होता, असे पुस्तके सांगतात. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मागे मोजत गेले, तर मात्र दोन्ही तारखांना मंगळवार येतो. पुस्तके चुकलेली नाहीत. त्या तारखा इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन, कॅलेंडरातल्या आहेत. ते कॅलेंडर आजच्यापेक्षा अकरा दिवस मागे चालत होते आणि इंग्रजांनी ते १७५२मध्ये सोडले. जुन्या पद्धतीने वार काढला की दोन्ही वेळा शनिवारच निघतो. आजच्या भाषेत त्या तारखा २१ जानेवारी १७३० आणि २ फेब्रुवारी १७३२ अशा होतील. तारीख बदलली, वार जागचा हलला नाही.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारले, तेव्हा १५८२च्या ऑक्टोबरमधले दहा दिवस गाळले गेले. ४ तारखेनंतर एकदम १५ उजाडली. पण ४ला गुरुवार होता आणि १५ला शुक्रवार आला. तारखांची ओळ तोडणाऱ्यांनीही वारांची साखळी तोडली नाही.

मला याचे फार नवल वाटते, कारण वाराला आकाशात कसलाच आधार नाही. तिथी चंद्र दाखवतो, महिना अमावस्या-पौर्णिमा दाखवते, वर्ष सूर्य आणि ऋतू दाखवतात. आज शनिवार आहे हे मात्र आकाशाकडे कितीही वेळ बघितले तरी कळणार नाही. शनीचा तारा त्या दिवशी जास्त तेजाने चमकत नाही, की ठरावीक जागी उगवत नाही. वार ही निव्वळ मोजणी आहे. तरीही साडेसातीची धास्ती, तेल, रुईची माळ, उपास हे सगळे आपण याच मोजणीवर लादले आहे. ही मोजणी आली कुठून आणि तिच्यात शनीला जागा कशी मिळाली, याचा माग काढत गेले की आपण थेट बॅबिलोन, अलेक्झांड्रिया आणि रोमला जाऊन पोचतो.

बॅबिलोनमध्ये शनीचे नाव होते कायमानु, म्हणजे स्थिर. राशिचक्राची एक फेरी पुरी करायला शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत त्याच्याइतका संथ दुसरा नाही. दोन फेऱ्या मिळून साधारण एकोणसाठ वर्षे होतात, आणि या एकोणसाठ वर्षांच्या आवर्तनावरून तिथले ज्योतिषी शनीची पुढची स्थिती वर्तवत. सिसिलीचा ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, की खाल्डियन, म्हणजे बॅबिलोनचे, लोक या ग्रहाला सूर्याचा तारा म्हणत आणि सगळ्या ग्रहांत त्याला जास्त महत्त्व देत. म्हणजे मुळात शनी भीतीचा नव्हता, मानाचा होता. शनिवार मात्र बॅबिलोनमध्ये नव्हता. महिन्याचे ७, १४, १९, २१ आणि २८ हे दिवस तिथे अशुभ मानत. त्या दिवशी राजाने रथात बसू नये, शिजवलेले मांस खाऊ नये, असे निर्बंध होते. पण ही गणना दर अमावस्येनंतर नव्याने सुरू होई. अखंड चालणारा सात दिवसांचा आठवडा तो नव्हे.

असा आठवडा ज्यूंकडे होता, पण त्यात ग्रह नव्हते. पहिला दिवस, दुसरा दिवस अशी मोजणी आणि सातवा दिवस विश्रांतीचा, शब्बाथचा. रोमनांचे चक्र याहून वेगळे, आठ दिवसांच्या बाजाराचे. त्यांच्या कॅलेंडरात दिवसांपुढे ए ते एच अशी आठ अक्षरे लिहिलेली असत. सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या एका दगडी कॅलेंडरात या आठ अक्षरांच्या जोडीला सात अक्षरांचीही रांग कोरलेली आहे. बाजाराचा आठवडा आणि ग्रहांचा आठवडा शेजारी-शेजारी नांदत होते, ते असे.

ग्रहांचा आठवडा निघाला तो ज्योतिषातल्या एका हिशोबातून. इजिप्तने दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा तास दिले. ग्रीक ज्योतिषाने ग्रहांना गतीप्रमाणे रांगेत लावले: सर्वांत संथ शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत वेगवान चंद्र. प्रत्येक तासाचा, म्हणजे होरेचा, एक स्वामी, आणि पहिल्या होरेचा जो स्वामी त्याचाच तो दिवस. शनीपासून मोजून बघा. पहिली होरा शनीची, मग आठवी, पंधरावी आणि बाविसावीही त्याचीच. तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची. इथे दिवस संपला. पंचविसावी होरा रवीची, म्हणून शनीनंतर रविवार. रवीपासून पुन्हा चोवीस मोजले की सोमवार येतो, मग मंगळवार, बुधवार असे सगळे वार ओळीने हाती लागतात. दर वेळी मधले दोन ग्रह ओलांडले जातात, म्हणून वारांचा क्रम आकाशातल्या कुठल्याच क्रमाशी जुळत नाही. आपल्या पंचांगातला होरांचा तक्ता आजही याच रांगेने छापला जातो.

या मांडणीत रांग शनीपासून सुरू होते, म्हणून पहिला वार त्याचा. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत कुणीतरी भिंतीवर देवांच्या दिवसांची यादी खरडून ठेवली होती. तीही शनीच्या ग्रीक नावाने, क्रोनॉसने, सुरू होते. ज्यूंच्या मोजणीत मात्र हाच दिवस शेवटचा, सातवा. एकाच दिवसाला एका हिशोबात आरंभाची जागा आणि दुसऱ्यात समाप्तीची. मला वाटते, शनिवारच्या अर्थात जी ओढाताण कायम राहिली, तिचे मूळ इथे आहे.

हे दोन हिशोब एकमेकांत कसे मिसळले, ते रोमन लेखकांच्या लिखाणातून दिसते. इ.स.पू. ६३मध्ये रोमन सेनापती पाँपीने जेरुसलेमला वेढा घातला. डिओ कॅशियस हा इतिहासकार सांगतो, की ज्यू लोक शनीच्या दिवशी लढत नसत, रोमनांनी त्याच दिवसांचा फायदा उठवला आणि मंदिर पडले तेही शनीच्याच दिवशी. एवढे सांगून तो लढाईची हकिकत थांबवतो आणि ग्रहांचे वार कसे ठरतात ते वाचकांना समजावतो. वर दिलेला होरांचा हिशोब त्या जागी आहे. बऱ्याच रोमनांची समजूत होती, की ज्यू शब्बाथला उपाशी राहतात. ऑगस्टसने एका पत्रात आपल्या उपासाची तुलना शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूशी केल्याचे त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. समजूत साफ चुकीची होती. शब्बाथ हा गोडाधोडाचा, दिवे लावण्याचा दिवस. पण कडक ग्रहाच्या दिवशी माणसे उपासच करत असणार, असे रोमन धरून चालले. उलट्या बाजूने ज्यूंनी शनी ग्रहाचेच नाव शब्बाथवरून ठेवले, शब्बताई. दिवसाला ग्रहाचे नाव मिळण्याऐवजी ग्रहालाच दिवसाचे मिळाले.

रोमनांचा स्वतःचा सॅटर्न देव कडक नव्हताच. तो पेरणीचा देव, सुवर्णयुगाचा राजा. त्याचा सॅटर्नेलिया हा उत्सव १७ डिसेंबरला सुरू होई. त्यात मालक आणि गुलाम यांच्यातला भेद काही काळ बाजूला ठेवत, भेटवस्तू देत, मेजवान्या झडत. राज्याचा खजिनाही फोरममधल्या त्याच्याच देवळात असे. मग त्याच नावाचा दिवस अशुभ कसा झाला? ज्योतिषाने तसा केला. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या ज्योतिषाने लिहिले, की शनी सूर्याच्या उष्णतेपासून फार दूर, म्हणून त्याचा स्वभाव थंड आणि कोरडा. थंडी आणि कोरडेपणा म्हणजे म्हातारपण, दैन्य, विलंब, मरण. देवाचे औदार्य मागे पडले आणि ग्रहाची थंडी पुढे आली. त्याआधीच, इ.स.पू. पहिल्या शतकात, टिबुलस या कवीने प्रेयसीला सोडून प्रवासाला निघणे लांबवण्यासाठी जी निमित्ते मोजली, त्यांत शनीचा पवित्र दिवसही आहे. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ पाळणाऱ्या मराठी माणसाला हे निमित्त परके वाटणार नाही.

इ.स. ३५४चे एक रोमन कॅलेंडर नंतरच्या नकलांमधून आपल्यापर्यंत पोचले आहे. त्याची सजावट फिलोकॅलस या सुलेखनकाराची. त्यात शनीचे एक पान आहे. दिवसाच्या आणि रात्रीच्या चोवीस होरा ओळीने मांडल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे ती चांगली, मध्यम की वाईट याचे अक्षर आहे. खाली फलादेश आहे: या दिवशी आणि या होरेत सगळी कामे अंधारी आणि कष्टाची होतात, जन्मलेले मूल धोक्यात, निघून गेलेला माणूस सापडणार नाही, अंथरूण धरलेल्याच्या जिवावर बेतेल, चोरीचा माल मिळणार नाही. मराठी पंचांग हाताळणारा कुणीही हे पान ओळखेल. मधे जवळपास सतराशे वर्षे आणि हजारो मैल आहेत, पण नमुना तोच.

तो आपल्याकडे आला समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर. वेदांत आणि वेदांग ज्योतिषात नक्षत्रे आहेत, तिथी आहेत, ऋतू आहेत; वार नाहीत. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६मध्ये छापलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात हे मोकळेपणाने मांडले. स्वतःच्या परंपरेवर अतोनात प्रेम असलेल्या माणसाने, पुरावा जिथे नेईल तिथे जाऊन, हे मराठीत लिहिले, याचा मला अभिमान वाटतो. कोरीव लेखांत वार भेटतो तो मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या स्तंभावर. गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला हा लेख गुप्त संवत १६५चा, म्हणजे इ.स. ४८४चा आहे. आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार. पंधराच वर्षांनी, ४९९च्या सुमारास, आर्यभटाने होरांचा तोच हिशोब आपल्या खास आटोपशीर पद्धतीने एका श्लोकात बसवला. इथून तो पुढे चीनमध्येही गेला. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध पंडिताने ग्रहांच्या वारांचे शास्त्र चिनी भाषेत आणले.

आपल्याकडे आल्यावर शनिवारचे जे झाले, ते रोममध्ये झाले नव्हते. तिथे देव आणि ग्रह एकमेकांपासून तुटले. इथे लोकांनी त्या कडक ग्रहाला घरात घेतले. श्रावणातल्या संपत् शनिवारची कहाणी आठवा. घरात धान्य नाही, सगळे शेतावर गेले आहेत, धाकटी सून एकटी आहे. शनिदेव कुष्ठ्याच्या रूपात दारात येतो, अंगाला तेल आणि आंघोळीला ऊन पाणी मागतो. ती घरात होते नव्हते तेवढे तेल त्याच्या अंगाला लावते, आंघोळ घालते, जेवू घालते. जाताना तो उष्टी पत्रावळ वळचणीला खोचून जातो आणि घर भरून जाते. सूर्यापासून दूर, थंड, कोरड्या ग्रहाला ऊन पाणी आणि तेल मिळते, आणि तो देणारा होतो. टॉलेमीचा शनी आणि सॅटर्नेलियाचा सॅटर्न या एका कहाणीत पुन्हा भेटतात. कहाणी सांगणाऱ्या बायकांना रोम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ग्रहाच्या स्वभावावरून त्यांनी स्वतःच उपाय शोधला. शिंगणापूरच्या उघड्यावरच्या शिळेवर तेल ओतणारे भाविक तोच उपाय करतात. मारुतीच्या ओट्यावर शनिवारी तेलाचा दिवा लावणाऱ्यांनी तर शनीपासून राखणारा रक्षकच शेजारी आणून बसवला आहे.

युरोपात चर्चला या ग्रहदेवांची नावे खुपत होती. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१मध्ये सूर्याचा दिवस सुटीचा केला होता आणि शनीचा मान उतरणीला लागला होता. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या बिशप मार्टिनने दिवसांना भुतांची नावे कसली देता, असे खेडुतांना खडसावले. त्या मुलखात त्याचे ऐकले गेले. पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार नुसते आकडे आहेत, दुसरा ते सहावा, आणि शनिवार शब्बाथवरून साबादु. इंग्रजांच्या तोंडी मात्र सॅटर्न आजतागायत टिकला.

हेच पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षे राहिले. त्यांनी देवळे पाडली, लोकांची नावे बदलली, धर्मांतरे केली. पण गोव्याच्या ख्रिश्चनांच्या कोंकणीत आयतार, सोमार, मंगळार, बिरेस्तार आणि शेनवार हे ग्रह जागच्या जागी राहिले. ज्या ग्रहदेवांना ब्रागाने हाकलले, त्यांचीच नावे घेऊन गोव्याचा ख्रिश्चन बाजाराचा दिवस ठरवतो.

तिथून किनाऱ्याने वर आले की अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल भेटतात. हे मराठी बोलणारे ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला ते बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले शनिवार तेली. शेजारच्या हिंदू घरांतही शनिवारी तेल विकत आणायचे नाही असा दंडक होता. एकाच गल्लीत एक घर शनीला भिऊन तेल आणत नव्हते आणि दुसरे घर विश्रांतीची आज्ञा पाळून तेल काढत नव्हते. रोमन लेखकांनी या दोन अर्थांचा घोळ घातला होता. रायगडच्या गावांत ते दोन्ही एकमेकांना धक्का न लावता पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. १९४८नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, तेव्हा मराठीही बरोबर गेली आणि 'मायबोली' हे मराठी नियतकालिक तिथून निघू लागले.