जुन्या गाडीत पेट्रोल कोणतं घालायचं?

घराच्या आवारात ताडपत्रीखाली अॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी जपून ठेवणारी माणसं मला बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशी सगळीकडे भेटतात. प्रश्न एकच असतो : "हिला आता पेट्रोल कोणतं घालू?" आणि मागोमाग एक सुस्कारा : "शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा इंजिनं टिकायची हो!" हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींचं एक दुखणं होतं, इंजिन 'नॉक' करायचं. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीपासून शिस्तीत जळत जाण्याऐवजी काही भाग दाबामुळे आपोआप पेटायचा आणि आतून ठोके ऐकू यायचे. हे ठोके टाळण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. डिसेंबर १९२१मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला उपाय सापडला : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. अगदी थोडं घातलं तरी नॉकिंग थांबे. १९२३पासून हे पेट्रोल विकायला आलं.

शिशाचा आणखी एक फायदा निघाला. जळल्यावर त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि सीट झिजत नसे. त्यामुळे साध्या बिडाच्या हेडमध्येच सीट कापून काम भागायचं. "इंजिनं टिकायची" यातलं खरं ते एवढंच.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले, वास घेऊन दाखवला. खरं तर त्याला स्वतःला आधीच शिशाची बाधा होऊन गेली होती. तरीही हे पेट्रोल जगभर पसरलं. आपल्याकडे १९९०च्या दशकात बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने सात शहरांत तपासण्या केल्या. बारा वर्षांखालच्या सुमारे निम्म्या मुलांच्या रक्तात तेव्हाच्या धोक्याच्या पातळीहून जास्त शिसं निघालं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. चार महानगरांत १९९५पासून बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : त्या पेट्रोलची हळहळ नको. आपल्या इंजिनाचं आयुष्य वाढत होतं, त्याची किंमत रस्त्याकडेची पोरं मोजत होती.

मग आज काय करायचं? तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहा.

पहिली, ऑक्टेन. या दोन्ही गाड्यांचा कॉम्प्रेशन रेशो कमीच. पूर्वी त्या ८७ ऑक्टेनवर चालत, आज साधं पेट्रोलच ९१च्या पुढे आहे. महागडं पेट्रोल घालून जास्त ताकद मिळत नाही. टायमिंग नीट लावलं की पुरे.

दुसरी, व्हॉल्व्ह सीट. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्या बसवलेल्या असतात. अॅम्बॅसेडरच्या जुन्या बिडाच्या हेडकडे मात्र लक्ष हवं. गाडी हळू, थोडीच चालवत असाल तर झीज सावकाश होते. टॅपेटचा गॅप पुन्हा पुन्हा कमी होऊ लागला, तर हेड उतरवून कडक सीट बसवून घ्या. हा खर्च एकदाचाच.

तिसरी, इथेनॉल. हे खूळ नवं नाही. पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८मध्येच झाला होता. अलीकडचे पहिले प्रयोग २००१मध्ये आपल्या मिरज-मनमाडला आणि उत्तर प्रदेशात बरेलीला झाले. जानेवारी २००३मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल आलं, २०२५पर्यंत ते वीस टक्क्यांवर गेलं. जुन्या गाडीला खरी अडचण इथेच आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम खराब करतं. ते पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी साठून गंज धरतो. कार्बोरेटरला मिश्रण स्वतःहून जुळवता येत नाही, त्यामुळे इंजिन 'लीन' चालतं, तापतं.

तेव्हा नळ्या, डायफ्रॅम, गॅस्केट इथेनॉल सोसणारे घाला. मिस्त्रीकडून जेट एक नंबर मोठा करून घ्या. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. काही शहरांत १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. त्यातलं ऑक्टेन आपल्या कामाचं नाही. ते बिनइथेनॉलचं असेल तरच पैसे मोजा, आणि तेवढं पंपावर विचारून घ्या.

या गाड्या बनल्या तेव्हाचं पेट्रोल आता परत येणार नाही, येऊही नये. गाडी चालती ठेवायची तर थोडी गाडीच बदलावी लागेल. चारदोन नळ्या, एक जेट, एखादी सीट. एवढं केलं, तर आजोबांची गाडी नातवाला शेजारी बसवून निर्धास्त चालवता येईल.