चांदीवर कोरलेली शर्यत

घोड्यांच्या शर्यती आणि आमचं कोकण यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी गणपतीपुळ्याच्या समुद्राकडे बोट दाखवतो. एकोणिसाव्या शतकात याच अरबी समुद्रातून, बसऱ्यासारख्या बंदरांतून जहाजं भरून अरबी घोडे मुंबईला येत. भेंडीबाजारातल्या तबेल्यांत अरब सौदागर त्यांचा सौदा करत. काही घोडे फौजेत जात, काही शर्यतीच्या मैदानावर.

मुंबईत बॉम्बे टर्फ क्लब १८०२ मध्ये निघाला. मैदान तेव्हा भायखळ्याला होतं. १८८३ मध्ये ते महालक्ष्मीला आलं. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, पहिले आगाखान अशा शौकिनांचे घोडे या शहरात धावले. जिंकणाऱ्याला रोख रकमेबरोबर कधी चांदीचा चषकही मिळे.

असा जुना चषक हाती आला, तर तो दोनदा वाचावा. पोटावरचा कोरीव मजकूर शर्यत, साल, घोडा आणि मालक सांगतो. काठाजवळचे किंवा बुडाचे बारीक ठसे निराळंच काही सांगतात. चषक इंग्लंडचा असेल, तर पाऊल उचललेला सिंह म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. शिवाय घडणीचं वर्ष सांगणारं एक अक्षर असतं. दुकानातला तयार चषक आणून त्यावर नाव कोरून घेण्याची पद्धत होती. त्यामुळे दोन्ही सालं जुळतीलच असं नाही. मात्र शर्यतीचं साल घडणीच्या आधीचं निघालं, तर शंका घ्यावी.

आपल्याकडच्या चांदीला तेव्हा असा सरकारी ठसा नव्हता. कारागिराची खूण असली तर असली. भूजचे उमरशी मावजी कामावर ‘ओ. एम.’ अशी इंग्रजी अक्षरं ठसवत, म्हणून त्यांचं नाव उरलं. एरवी ज्यानं अक्षरं कोरली, त्याचंच नाव त्या अक्षरांत नसतं. घोड्याला रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराचंही नसतं.

जे कोरलं गेलं, तेही आता जातं आहे. चांदीचा भाव चढला की घरातला चषक सराफाकडे मोडीत निघतो. तिथे चांदीचं वजन होतं, अक्षरांचं होत नाही. घरात राहिलेले चषक सणासुदीला राखेनं, पावडरीनं रगडून गुळगुळीत होतात. चांदी काळवंडली तर मऊ फडक्यानं हलकेच पुसावी. विकायचाच असेल, तर आधी मजकुराचा आणि ठशांचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. चषक गेला, तरी इतिहासाची एक ओळ तेवढ्यानं वाचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)