संगणकाला पाणी पाजण्याआधी

संगणकाला वॉटर कूलिंग करायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे गेमिंगवाल्या पोरांचं नवीन खूळ दिसतंय. तसं ते नाही. संगणक पाण्याने थंड करणं हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयापेक्षा जुनं आहे, आणि मधे एकदा ते जवळपास मोडीतही निघालं होतं. गेले दोन महिने मी माझ्या डेस्कटॉपसाठी जुळवाजुळव करतोय. (प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून साधारण ३०० वॅट. मुक्काम हिंगोली. मे महिन्यात पारा ४२-४३.) पंप आणि रेडिएटर शोधता शोधता या जुन्या गोष्टींतच जास्त रमलो. त्यातलं थोडं इथे लिहितो.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमचा सिस्टिम/३६० मॉडेल ९१ हा अजस्र संगणक आला, तो पाण्यावर थंड होई. १९८० साली जाहीर झालेल्या ३०८१ मध्ये तर प्रत्येक चिपच्या पाठीवर एक छोटा धातूचा दट्ट्या टेकवलेला, भोवती हेलियम वायू आणि त्यावर गार पाणी फिरवणारी प्लेट, अशी नाजूक रचना होती. सेमूर क्रे या अवलियाने १९७६ च्या क्रे-१ मध्ये फ्रिजमधला फ्रिऑन फिरवला, आणि १९८५ च्या क्रे-२ मध्ये सगळी सर्किटंच विजेला न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकली! त्या काळच्या बायपोलर चिप्स वेगवान होत्या, पण तापायच्याही तशाच. १९९० च्या दशकात कमी तापणाऱ्या सीमॉस चिप्सनी त्यांची जागा घेतली, पंख्यावर भागू लागलं आणि मोठ्या संगणकांतली नळकामं निघाली. पुढे त्याच सीमॉस चिप्सचा वेग वाढत गेला आणि उष्णता परत आली. त्या दशकाच्या शेवटी हौशी मंडळींनी भंगारातल्या मोटारींच्या हीटरचे छोटे रेडिएटर आणि माशांच्या टाकीतले पंप वापरून घरच्या घरी वॉटर कूलिंग सुरू केलं. आज तयार मिळणारे भाग त्याच खटपटीतून आले आहेत.

आपल्याकडची कथा याला समांतर चालते. १९८० च्या दशकात भारताला हवा तसा क्रे अमेरिकेने दिला नाही. हवामानाच्या कामापुरता एक दिल्लीला आला. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला. हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याच पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्मामध्ये द्रव थेट प्रोसेसरवरच्या प्लेटमधून फिरतो, म्हणजे तत्त्व तेच, जे मी माझ्या टेबलाखाली करू पाहतोय. आणि २०१८ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आलेला प्रत्यूष कुठल्या घराण्याचा? क्रेचाच. असो.

आता मुद्द्याचं. एवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं, तर ३०० वॅट उष्णता घेऊनही ते चार-सव्वाचार अंशच तापतं. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. प्रोसेसरवर बसणारा वॉटर ब्लॉक म्हणजे तळहातावर मावणारा बंबच. पण बंबातलं गरम पाणी आपण अंघोळीला घेतो. इथे तेच पाणी परत फिरवायचं, म्हणून त्याची उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडावी लागते. आणि हवा ४३ अंशांची असेल तर पाणी कधीही ४३ च्या खाली जाणार नाही, मग रेडिएटर कितीही महागाचा आणा. चांगल्या रचनेतही ते खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहतं, म्हणजे ५३. या कामाच्या पंपांची सहनशक्ती साधारण ६० अंशांची. थंड देशातल्या माणसाच्या हातात तीस-पस्तीस अंशांची सवलत असते, आपल्या हातात सात.

मग माठ कसा काय गार होतो? तर माठ पाणी खर्च करतो. झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी हवेपेक्षा कितीतरी खाली उतरतं. खिडकीतला कूलरही तेच करतो. मला मोह झाला होता की रेडिएटरऐवजी कूलरसारखी ओली जाळी वापरावी. आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "म्हणजे रोजचं किती पाणी लागंल रे त्याला?" मी हिशोब केला. ३०० वॅट बाष्पीभवनाने घालवायचे तर तासाला साधारण अर्धा लिटर, दहा तासांना पाच. एका माणसाचं दिवसभराचं पिण्याचं पाणी.

हाच हिशोब मोठ्या आकड्यांत केला की आपल्या मराठवाड्यातलंच परळीचं औष्णिक वीज केंद्र आठवतं. कोळसा जाळून चालणाऱ्या केंद्राला वाफेसाठी आणि थंड ठेवण्यासाठी अतोनात पाणी लागतं. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली ते केंद्र बंद ठेवावं लागलं, ते पाणीच नव्हतं म्हणून. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ज्या भागात हे घडलं, तिथे संगणकासाठी पाण्याची वाफ करणं मला तरी जमणार नाही.

पाणी आणखीही एक गोष्ट वाहून नेतं: कंपन. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी पकडायच्या तर चार किलोमीटरच्या दोन भुजांत अणुकेंद्रापेक्षाही बारीक हालचाल मोजायची असते. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगोत २०१६-१७ च्या निरीक्षणांच्या वेळी लेझर थंड करणाऱ्या पाण्याच्या वाहण्यानेच किरण थरथरत होता, आणि तो गोंगाट नंतर गणिताने वजा करावा लागला. माझा पंप घरघरला तर फार तर माझी झोप जाईल, पण दुखणं एकच आहे. तेव्हा पंपाखाली जाड स्पंज ठरलेला.

तर सध्याचा बेत असा. पूर्ण बंद वेटोळं. एकदा भरलेलं सव्वा लिटर पाणी वर्षभर पुरेल. आमच्या बोअरचं पाणी वापरायचं नाही. बंबाच्या आत क्षारांचा जो थर बसतो तो ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत बसला की संपलं. दुकानात बॅटरीचं पाणी मिळतं, तेच, त्यात शेवाळं धरू नये म्हणून थोडं औषध. ब्लॉक तांब्याचा तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की ते झिजणार. तीन पंख्यांचे दोन रेडिएटर, पुढे धूळ अडवायला जाळी, आणि पंपासकट सगळं यूपीएसवर.

आणि सगळ्यात स्वस्त कूलिंग वेगळंच आहे. एप्रिल-मे मध्ये जड कामं रात्री अकरानंतर लावायची. तेव्हा हवा दुपारपेक्षा बारा-पंधरा अंश उतरलेली असते, आणि हे अंश कुठल्याच रेडिएटरने विकत मिळत नाहीत. रात्रीच्या लाइटवर मोटर लावायला उठणारे शेतकरी आमच्याकडे घरोघरी आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.