ग्रेट चॅलफील्ड : दस्तऐवज आणि दगड

इंग्लंडच्या मध्ययुगीन इतिहासाचा पाठ शिकविताना ‘मॅनर’ या शब्दापाशी आपण नेहमी अडखळतो. पाठ्यपुस्तकांत त्याचे भाषांतर कधी ‘गढी’, कधी ‘जहागीर’, तर कधी ‘हवेली’ असे आढळते. यांपैकी ‘हवेली’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. मोठे घर हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. परंतु मोगल महसूल व्यवस्थेत मुख्य ठाण्यालगतच्या मुलखालाही हवेली म्हणत. पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याच्या नावात तो अर्थ आजही टिकून आहे. मॅनरचेही असेच आहे. मॅनर म्हणजे मूलतः जमिनीचा व हक्कांचा घटक. त्यात कुळांकडून येणारा खंड, त्यांची सेवा आणि मालकाचे स्वतःचे न्यायालय यांचा समावेश होत असे. घर हे त्या हक्कांचे दृश्य रूप होय. प्रस्तुत लेखात विल्टशायर परगण्यातील ग्रेट चॅलफील्ड या वास्तूच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ही वास्तू थॉमस ट्रॉपनेल याने साधारणतः 1465 ते 1480 या काळात बांधली. तो सरदार नव्हता. हंगरफोर्ड या बड्या घराण्याचा कारभारी म्हणून काम करीत त्याने कायद्याचे व जमिनींचे ज्ञान मिळविले आणि स्वतःसाठी जमिनी जोडल्या. काळ गुलाबांच्या युद्धांचा होता. 1464 मध्ये त्याच्या धनी घराण्यातील रॉबर्ट हंगरफोर्ड याचा शिरच्छेद झाला. कारभारी मात्र वाचला, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याच्या घराचे बांधकाम सुरू झाले.

चॅलफील्डवरील त्याचा हक्क निर्वेध नव्हता. त्यासाठी त्याला दीर्घकाळ कज्जे करावे लागले. म्हणूनच त्याने आपल्या सर्व मिळकतींची खरेदीखते, वंशावळी व दाव्यांच्या हकिकती एका ग्रंथात नकलून घेतल्या. ‘ट्रॉपनेल कार्ट्युलरी’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे संकलन 1464 मध्ये सुरू झाले आणि 1908 मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांतील महजर ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या ग्रंथाचा सूर परका वाटणार नाही.

आता वास्तूकडे वळू. घराभोवती खंदक असून त्याच आवारात ऑल सेंट्स हे चर्च आहे. दर्शनी बाजू उत्तरेकडे आहे. मध्यभागी मुख्य दिवाणखाना, म्हणजे ‘ग्रेट हॉल’, आणि दोन्ही टोकांस त्रिकोणी माथ्याच्या इमारती अशी मांडणी दिसते. या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर भिंतीबाहेर आलेल्या, कोरीव कामाच्या ‘ओरिएल’ खिडक्या आहेत. माथ्यांवर दगडी शिपाई उभे आहेत. हॉलच्या भिंतींत उंचावर दगडी मुखवटे बसविले असून त्यांच्या डोळ्यांच्या जागी आरपार छिद्रे आहेत. वरच्या खोल्यांतून त्यांतून खाली पाहता येई. भोजनासाठी हॉलपासून वेगळी खोलीही येथे होती. मालक हळूहळू सामूहिक पंक्तीतून उठून खाजगी खोलीत जाऊ लागला होता, आणि तेथूनही त्याची नजर हॉलवर होती. इंग्रजी समाजातील हा बदल येथे भिंतींतूनच वाचता येतो. चर्चलाही ट्रॉपनेलने स्वतंत्र प्रार्थनाकक्ष जोडला. जो हक्क त्याने ग्रंथात मांडला, तोच त्याने दगडातही मांडला.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. कार्ट्युलरी ही विजेत्याने स्वतःसाठी केलेली नोंद आहे. ज्यांच्याशी तो भांडला त्यांची बाजू आपल्याला त्याच्याच शब्दांत ऐकावी लागते. दगड वाहणारे, स्वयंपाकघरात राबणारे, खंड भरणारे यांचा आवाज घरातही नाही आणि ग्रंथातही फारसा नाही. दोन साधने एकमेकांना दुजोरा देतात म्हणून सत्य पूर्ण झाले असे मानणे चुकीचे ठरेल, कारण दोन्हींचा कर्ता एकच आहे.

पुढील काळात घराची रया गेली. यादवी युद्धात 1644 ते 1646 या काळात येथे पार्लमेंटच्या सैन्याचा तळ होता. कालांतराने ते केवळ शेतावरचे घर उरले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा काही भाग पाडला गेला. सुदैवाने त्याआधीच, 1836 च्या सुमारास, टी. एल. वॉकर याने त्याची मोजमापांसह तपशीलवार रेखाटने केली होती. तो वास्तुरेखाटनकार ऑगस्टस चार्ल्स प्युजिन याचा शिष्य होता. पुढे रॉबर्ट फुलर यांच्यासाठी वास्तुविशारद हॅरोल्ड ब्रॅक्स्पिअर यांनी 1905 ते 1912 या काळात जीर्णोद्धार केला, तेव्हा याच रेखाटनांचा आधार घेतला गेला. 1943 मध्ये ही वास्तू नॅशनल ट्रस्टकडे सुपूर्द झाली. त्यामुळे आज आपण जे पाहतो त्यात पंधराव्या शतकाचा दगड आहे, तसाच विसाव्या शतकाचाही आहे. अभ्यासकाने हा भेद विसरू नये.

घर वाचले ते केवळ श्रीमंत मालकामुळे नव्हे. कोणीतरी वेळेवर फूटपट्टी व कागद घेऊन तेथे गेला होता, म्हणून ते पुन्हा उभे करता आले. आपल्या गावांतील जुने वाडे, मशिदी व मदरसे यांच्या बाबतीत हे काम आपले विद्यार्थी करू शकतात. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. इमारत उभी आहे तोवर ती मोजून ठेवणे, आणि तिच्याशी संबंधित सनदा कोणी व कशासाठी लिहिल्या हे विचारणे, एवढ्याने सुरुवात होईल.