अर्क किल्ल्यांतील दप्तर

राज्य बुडालें म्हणजे फौज पांगते, खजिना लुटला जातो. दप्तर मात्र पुष्कळदां जागच्या जागीं पडून राहतें. जुन्या औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, असेंच घडलें. औरंगजेब १७०७ सालीं वारला. त्याच्या दख्खनच्या कारभाराचे कागद शहरांतील अर्क किल्ल्यांत दोन शतकें राहिले आणि १९१६ सालीं हैदराबादेस हलविले गेले. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळचे मिळून ते दीड लाखांच्या घरांत भरतात.

ह्या कागदांत लढायांच्या सुरस कथा थोड्या. रोजच्या कामाच्या नोंदी फार. हुकुमांच्या याददास्ती, पगाराच्या पावत्या आणि स्वारांचे 'चेहरे'. चेहरा म्हणजे स्वाराचें लेखी वर्णन: बापाचें नांव, अंगावरील तीळ, जखमेचा व्रण, घोड्याचा रंग. एकाच्या नांवावर दुसऱ्यानें पगार उचलूं नये, एवढाच त्याचा हेतु. तवारिखांनीं बादशहाची थोरवी गाइली. सामान्य शिपाई कसा दिसत होता, हें कारकुनानें लिहून ठेवलें.

परंतु कागद उरला म्हणजे अर्थ उरला, असें होत नाहीं. हे कागद शिकस्ता ह्या मोडक्या फारसी वळणांत लिहिलेले. तें वाचणारे विरळ होत गेले. डॉ. यूसुफ हुसेन यांनीं निवडक कागद संपादून शाहजहानच्या काळचे १९५० सालीं व औरंगजेबाच्या काळचे १९५८ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हां ते अभ्यासकांच्या हातीं आले.

आजच्या कचेऱ्यांचें दप्तर ई-मेलांत असतें, आणि तेथेंही हाच प्रसंग येतो. १९८९ सालीं लोटस कंपनीनें 'नोट्स' हें टपाल व सहकार्याचें सॉफ्टवेअर काढलें. १९९५ सालीं तें आयबीएमकडे आणि २०१९ सालीं भारतीय एचसीएलकडे गेलें. धनी बदलतो, कचेरी नवें सॉफ्टवेअर घेते, आणि जुन्या साठ्याची मांडणी नव्या यंत्रास शिकस्त्यासारखी दुर्बोध होते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानें संगणकावरील सरकारी मजकूरही दप्तरांत धरला आहे. म्हणून असें दप्तर हलवितांना नुसता मजकूर नेणें पुरत नाहीं. धाडणारा, घेणारा, वेळ, जोडपत्रें आणि मागील पत्राशीं असलेला संबंध, सारें एकत्र न्यावें लागतें. तेंही जुनी मांडणी जाणणारीं माणसें आहेत तोंवर.

कोणती नोंद पुढें मोलाची ठरेल, हें लिहिणाऱ्यास ठाऊक नसतें. घोड्याचा रंग लिहिणाऱ्यासही तें ठाऊक नव्हतें. पण त्यानें नोंद पुरी केली होती.